अख्खी भाकर

दिंद्रुड, ता. माजलगाव
२४ मार्च २००४

प्रिय मुनिरा,

भामानं काल अख्खी भाकर खाल्ली!

अख्खी म्हणजे अख्खी. ज्वारीची, तव्यावरून उतरवलेली, कडक पापुद्र्यासकट. वरणात कुस्करलेली नाही, दुधात भिजवलेली नाही. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, हातानं तोडून, चावून चावून खाल्ली, आणि वर मला म्हणते, “आई, अजून चतकोर दे की.” मी परातीतलं पीठ तसंच टाकून उठले आणि पिठाच्या हातांनीच तिला कवटाळलं. तिचा शाळेचा झगा पाठीवर सगळा पांढरा झाला. आत्याबाई ओरडल्या, “आगं, माझ्या नातीला जेवू तर दे निवांत!” पण बोलता बोलता त्यांनीच चटणीची वाटी तिच्यापुढं सरकवली. भिंतीवरच्या घड्याळात मी वेळ लावली होती. सत्तावीस मिनिटं. जी पोरगी सव्वा तास ताटापुढं बसायची, तिनं सत्तावीस मिनिटांत भाकर संपवली आणि हात धुवायला गेली. आमचे हे सध्या म्हशीबरोबर चारा-छावणीवर मुक्कामाला आहेत. दुधाच्या गाडीवाल्याजवळ निरोप धाडला तर हे सात किलोमीटर सायकल मारत आले, घामाघूम. येईपर्यंत जेवणं उरकली होती. मग काय, बापाला दाखवायला भामानं परत चतकोर खाल्ली. आम्ही तिघं मोठी माणसं तिच्या तोंडाकडं बघत बसलो होतो. शेवटी तीच लाजली आणि तोंड फिरवून खायला लागली.

तू हसत असशील. हास. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं मंग? नऊ वर्साच्या पोरीनं एक भाकर खाल्ली तर काय झालं?” खरंय तिचं. लोकांना भाकर म्हणजे भाकर. एका घासासाठी जीव कसा टांगणीला लागतो ते तुला माहीत आहे आणि मला.

तुझं बकरी ईदचं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, ओळी वर चढत जाणारं. तुझ्या घरच्यांनी, वाहेदभाईंनी, फळांच्या गाड्याचं दुकान केलं हे वाचून लई आनंद झाला. रहीमचा चौथीच्या सहामाहीत पहिला नंबर आला, तेही वाचलं. तू लिहिलंस की पोरगा फार मायाळू झालाय, आपल्या ताटातली रोटी धाकट्या बहिणीला देऊन टाकतो, स्वतः शेवया नाहीतर पातळ दालच्यात कालवलेला नुसता भात खाऊन उठतो, आणि जेवताना पाण्याचा हट्टही करत नाही. ते मी आत्याबाईंना दोनदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “गुनाचं लेकरू हाय.” त्याच्याबद्दल मला पुढं लिहायचं आहे. म्हणून एक विनंती, पत्र अर्ध्यात ठेवून चुलीकडं जाऊ नकोस. रहीमचंही ह्यात आहे. मन थाऱ्यावर नाही माझं आज, मागचं पुढं झालं तर सांभाळून घे.

काल भामा जेवत होती आणि मला सारखा तो औरंगाबादचा वॉर्ड आठवत होता. भामा जन्मली ती तोंडाला फेस घेऊनच. सुईण पुसायची की परत फेस. छातीला लावलं तर निळी पडायची आणि दूध नाकातून बाहेर. आधी माजलगाव, मग बीड, मग जीपनं औरंगाबाद. मी एका दिवसाची बाळंतीण, जीपच्या मागच्या बाकावर, आणि मांडीवर ते एवढंसं बोचकं. डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढून दाखवलं. अन्ननळी वरून येते आणि मध्येच बंद होते. खालचा तुकडा सुटा, तो श्वासनळीला जाऊन चिकटलेला. मला वाटलं ह्या बाई दुसऱ्याच कुणाच्या लेकराबद्दल बोलतायत. मी नुसती मान हलवत होते. तेव्हा पलीकडच्या खाटेवरून तू म्हणालीस, “भिऊ नका बाई, माझ्या पोराचं बी सेम हाय. चार दिस झाले, नळी जोडली त्याची.” तुझं ते ‘सेम’! जगात आणखी एका लेकराचं असंच आहे आणि ते जिवंत आहे, पाय झाडतंय, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरच मी सहीचा अंगठा उमटवायला हात पुढं केला. दहावी शिकलेली मी, सही येते हेच विसरले होते.

आणि दूध. माझं दूध त्या जीपमध्येच आटलं. तुला मात्र इतकं यायचं की रहीमला नळीतून चमचाभर दिलं तरी वाटी भरून उरायची. सिस्टरनी विचारलं आणि तू वाटी पुढं केलीस, विचारही केला नाहीस. ऑपरेशननंतर भामाच्या पोटात पहिलं दूध गेलं ते तुझं, नाकातल्या नळीतून, थेंबाथेंबानं. मग तू मला म्हणालीस, आमच्यात दूध पाजलं की नातं लागतं, आता हे दोघं बहीण-भाऊ झाले, ह्यांचं एकमेकांशी लगीन कवाच लागायचं न्हाई. मला इतकं हसू आलं की पोटातली कळ वर आली. लेकरं जगतील की नाही ते डॉक्टरही सांगत नव्हते आणि तू लग्नाच्या गोष्टी काढल्या होत्यास! त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. आत्याबाई आजही भामाला सांगतात, तुला दोन आया हायत, एक दिंद्रुडात आन एक चकलांब्यात.

सुट्टी देताना मॅडम काय म्हणाल्या होत्या ते तुला आठवतं का? मला तोंडपाठ होतं, आणि तरी मी विसरले. त्या म्हणाल्या होत्या, ऑपरेशन झालं म्हणून काम संपलं असं समजू नका. जोडलेली नळी ही जोडलेली नळी. लेकरू वाढेल तसा सांधा आवळू शकतो, पोटातलं आंबट वर येऊन त्याला चटके देऊ शकतं, खोकला राहू शकतो. दुखतंय म्हणून येऊ नका, तारीख आहे म्हणून या. मग सुरू झाल्या आपल्या वाऱ्या एसटीच्या. आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. मी माजलगावहून साडेसहाची गाडी धरायची, गेवराई आली की शेजारच्या सीटवर रुमाल टाकून तुझी जागा धरायची, आणि तू एका हातात रहीम, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन धावत यायचीस. पिशवीत वाहेदभाईंनी दिलेली पिकलेली पपई नाहीतर चिकू. दोघांचा खोकला सुरू झाला की अख्खी गाडी वळून बघायची, आठवतं? तो भुंकल्यासारखा खोकला. एकदा कंडक्टर म्हणाला, गाडीत कुत्र्याचं पिल्लू कोणी आणलंय, आणि तू त्याला असं काही सुनावलंस की बिचाऱ्यानं औरंगाबादपर्यंत आपल्याकडं पाहिलं नाही. दोनदा भामाची नळी आवळली, एकदा रहीमची. तिन्ही वेळा तारखेला गेलो म्हणून वेळेवर कळलं आणि मोकळी करून दिली. आपण किती शहाण्या होतो गं तेव्हा.

मग आला हा दुष्काळ. दोन हजार दोनचा पावसाळा कोरडा गेला. आमच्या विहिरीचा तळ श्रावणातच उघडा पडला आणि गावाला टँकर सुरू झाला. चार दिवसांतून एकदा. टँकर आला की हंडे-घागरींचा असा गोंधळ की देवळातली घंटाही ऐकू येऊ नये. त्याच सुमाराला मला दूध संस्थेत काम लागलं. आप्पाराव चेअरमननी स्वतः बोलावलं, म्हणाले, बाई शिकलेली पायजे फॅट तपासायला. मुनिरा, माझा केवढा तोरा! सकाळ-संध्याकाळ डेअरीवर खुर्चीत बसायचं, गावातले भले भले पाटील किटली घेऊन माझ्यापुढं रांगेत उभे. कुणी दुधात पाणी घातलं की मी नुसतं वर बघायची, की तो खाली बघायचा. तसं त्या वर्षात पाणी घालायला तरी कुणाकडं होतं! तपासून उरलेलं दूध मी घरी आणून तापवायचे आणि भामा दोन पेले गटागट प्यायची. गाल चांगले दिसायचे तिचे. मला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

भामाची सवय तुला माहीत आहे. एक घास, एक घोट. पेला नाही, तांब्या लागायचा तिला जेवताना. पाण्याची टंचाई झाली तसं घरात जो तो पाणी जपून वापर म्हणायला लागला. आत्याबाई म्हणायच्या, हे म्हणायचे, आणि सगळ्यांत जास्त मी म्हणायचे. एकदा तांब्या सांडला म्हणून मी तिच्या पाठीत धपाटाही घातला. आणि मग काय झालं माहीत आहे? दसऱ्याच्या आसपास भामानं जेवताना पाणी मागणं बंद केलं. एकदम. ताट घेऊन गोठ्यात जायची, चंद्री म्हशीशी गप्पा मारत जेवायची आणि रिकामं ताट आणून ठेवायची. पाण्याचा घोट नाही, ठसका नाही, तक्रार नाही. मला काय वाटलं असेल सांग! मी गावभर सांगत सुटले, माझ्या लेकीची नळी आता मोठी झाली, पाण्याशिवाय भाकर उतरते. देवीला नारळ फोडला. लोकांना दुष्काळात वाईट दिवस आले, आम्हाला चांगले आले असं मी म्हणायचे. असं म्हणायची मी, विचार कर.

त्याच महिन्यातली आपली तारीख तू विसरली नसशील. तो गुरुवार! औरंगाबादला जायचं म्हणून निघालो आणि गेवराईलाच उतरलो. दिवसभर वाहेदभाईंच्या गाड्याजवळ बसलो. सीताफळांचे दिवस होते. त्यांनी टोपलीतली डोळे उघडलेली, मऊ फळं निवडून निवडून पोरांना दिली. दोघं गर चोखून खायची आणि बिया कोण लांब थुंकतं त्याची शर्यत लावायची. आपण दोघींनी बांगड्या भरल्या, उसाचा रस प्यालो, शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या खिदळलो. दवाखान्याचा वास नाही, रांग नाही, सुई नाही. माझ्या लग्नानंतरचा सगळ्यांत मोकळा दिवस होता तो, खरं सांगते. त्यानंतर पुन्हा आपण तारीख घेतलीच नाही. त्या दिवसाचंही मला पुढं बोलायचं आहे.

आता गव्हाणीचं ऐक. ह्या वर्षी कडबाच उरला नाही, तेव्हा फेब्रुवारीत संस्थेनं माजलगाव रस्त्याला जनावरांची छावणी काढली. एका सोमवारी आमचे हे चंद्रीला घेऊन तिकडं गेले. गोठा रिकामा झाला. गुरुवारी डेअरीवरून आल्यावर मी म्हटलं गोठा झाडून घ्यावा. झाडता झाडता गव्हाणीत हात घातला तर हाताला भाकरीचे तुकडे. सुकलेले, खापरीसारखे. एका कडेला ओळीनं मांडलेले, वर थोडं भुसकट घातलेलं. मी मोजले. सोमवार संध्याकाळपासूनच्या जेवणांच्या भाकरी होत्या त्या, प्रत्येक वेळची एक, चार चार तुकडे केलेली. मुनिरा, मी तिथंच शेणात बसले. दीड वर्ष ती पोरगी ताट घेऊन गोठ्यात जात होती आणि भाकर म्हशीला घालत होती. म्हैस छावणीला गेली आणि भाकरी गव्हाणीत साचल्या. म्हैस गेली नसती तर मला अजूनही कळलं नसतं.

भामा शाळेतून आली. मी रागावले नाही, रागावायला तोंडच नव्हतं मला. नुसते तुकडे दाखवले. ती आधी रडली, मग म्हणाली, “पान्याबिगर उतरत न्हाई गं आई. इथं आडकतंय. आन पानी तर न्हाई ना घरात. तूच म्हन्लीस, लई पानी पेती मनून.” मी विचारलं, मला का नाही सांगितलंस, दुखतंय म्हणून? तर म्हणाली, “दुखत न्हाई. आडकतंय निस्तं. समद्यांचंच आडकत आसंल ना?” हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिला वाटत होतं सगळ्यांनाच अडकतं, आपल्यालाच तेवढं सोसत नाही. वरणाचं पाणी आणि डेअरीचं दूध ह्यावर ती पोरगी दीड वर्ष जगली. संध्याकाळी तिला डेअरीच्या काट्यावर उभी केली. मागच्याच्या आदल्या दिवाळीतलं वजन मला आठवत होतं, कारण मीच गंमत म्हणून केलं होतं. अर्धा किलोसुद्धा वाढलं नव्हतं. रोज शेकडो लोकांचं दूध तपासते मी, थेंबभर पाणी घातलेलं ओळखते, आणि माझ्या चुलीपुढचं मला दिसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात औरंगाबाद गाठलं. जाताना गेवराई आली आणि माझा हात आपोआप रुमालाकडं गेला. रुमाल टाकला मी शेजारच्या सीटवर. एक म्हातारे बाबा बसायला आले तर म्हटलं जागा धरलीय. गाडी सुटली तेव्हा भानावर आले आणि बाबांना हाक मारून बसवलं. वॉर्ड तोच, भिंतींना रंग नवा. मॅडमचे केस पिकलेत पण त्यांनी भामाला पाहताच ओळखलं. पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला आणि मला पडद्यावर दाखवलं. वरची नळी फुगलेली आणि सांध्याशी एवढीशी वाट, सुतळी जाईल एवढी. मी म्हटलं, मॅडम मला शिव्या द्या. त्यांनी दिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही मुलं सांगत नाहीत, कारण मोकळा घास कसा उतरतो हे त्यांना कधी माहीतच नसतं. ती आपापली वाट काढतात. हळू खातात, पातळ खातात, कोणाला तरी देऊन टाकतात. म्हणून त्यांनी बरं आहे म्हटलं तरी बोलावतो आम्ही. मोठी झाली, लग्नं झाली तरी दाखवत राहायचं. मग भूल देऊन, दुर्बिणीतून आत फुगा घालून ती जागा रुंद केली. एकदा फेब्रुवारीत, एकदा अकरा मार्चला. आंबट वर येऊ नये म्हणून गोळ्या दिल्यात, उशाला दोन उशा परत सुरू झाल्या.

दुसऱ्या खेपेला एक गंमत झाली. वॉर्डात नवं लेकरू आलं होतं, तीन दिवसांचं, नाकात नळी. त्याची आई कोवळी पोर, भिंतीकडं तोंड करून रडत होती. मी काही बोलायच्या आत भामा तिच्याजवळ गेली, पाठ फिरवली, झग्याची गुंडी काढून उजव्या पाखोऱ्याखालचा व्रण दाखवला आणि म्हणाली, “मला बी हाय. माझ्या भावाला बी हाय.” ती पोर रडायची थांबली आणि तो व्रण बोटानं चाचपून पाहू लागली. मला वाटलं, नऊ वर्षांपूर्वी तू मला ‘सेम’ म्हणालीस तसंच हे झालं. मॅडम दारातून पाहत होत्या. त्यांनी मला विचारलं, “भामाचा तो भाऊ कुठे असतो? रहीमची आई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत.” मी लगेच दोघांची पुढची तारीख मागितली.

आता घरात भामाचा वेगळा तांब्या आहे. टँकर आला की आत्याबाई आधी तो भरतात, मग बाकीचे हंडे. कुणी त्याला हात लावला तर आत्याबाईंची काठी आहेच. काल भाकर खाताना भामा त्यातलं अर्धंच पाणी प्याली आणि उरलेलं तिनं अंगणातल्या तुळशीला घातलं. मी पाहत होते. मी आता रोज तिच्यापुढं बसून तिचं जेवण बघते. ती म्हणते, आई तू लई बघती गं. बघू दे की मला.

मुनिरा, हे सगळं तुला गेल्या महिन्यातच लिहायला हवं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. भीतीचं पत्र तुला धाडावंसं वाटेना, आणि खरं म्हणजे मला माझी लाज वाटत होती. काल भामानं भाकर खाल्ली आणि मला लिहायचं बळ आलं, कारण आता तुला सांगता येतं की हे दुरुस्त होतं, आपल्या डोळ्यांदेखत होतं. गव्हाण सापडली त्या संध्याकाळी मी तुझं ईदचं पत्र परत काढून वाचलं. रोटी बहिणीला देतो. भातावर उठतो. पाणी मागत नाही. मी दोनदा वाचून दाखवलेलं ते कौतुक तिसऱ्यांदा वाचलं आणि मला त्यात भामाच दिसली. आणि तो सीताफळांचा गुरुवार. तू रहीमचं पिवळं कार्ड हातात धरून दोनदा उठली होतीस, म्हणत होतीस, तारीख हाय शिवा, जाऊन येऊ. मीच ते कार्ड तुझ्या हातातून काढून पिशवीत कोंबलं आणि म्हटलं, आता काय गरज, माझी भामा बरी झाली, तुझा रहीमही झाला. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तुला अडवलं ते दुष्काळानं नाही, वाहेदभाईंनी नाही, मी अडवलं. ज्या बाईनं माझ्या लेकराला दूध पाजलं तिच्या लेकराला मी दवाखान्यात जाऊ दिलं नाही. तेव्हा आता ऐक. आज रहीम जेवायला बसला की समोर बस. दुखतं का असं विचारू नकोस, दुखत नाही असंच म्हणेल. नुसतं बघ, रोटी कुठं जाते ते. आणि आठ एप्रिलला गुरुवारी पिवळं कार्ड घेऊन गेवराईच्या स्टँडवर ये. मॅडमना मी दोघांची तारीख मागून घेतलीय, रहीमचं नाव भामाच्या खाली लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. साडेसहाच्या गाडीनं निघते. शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवीन, आणि ह्या वेळी गाडी सुटली तरी कुणाला त्या जागेवर बसू देणार नाही. तू आली नाहीस तर मीच उतरून चकलांब्याला येईन आणि पोराला उचलून नेईन. माझाही आहे तो.

तुझीच, आणि तुझ्या दुधावर वाढलेल्या लेकीची आई,
शिवकन्या